एक कमान जादा

प्राचीन वास्तू ही जपण्याची गोष्ट आहे, पाहण्याची नव्हे. पाहून पाहून वास्तू झिजते आणि न पाहिल्यास कागदोपत्री शेकडो वर्षं टिकते, असा अनुभव आहे. (कोणाचा, ते नस्तीत नमूद नाही.) म्हणूनच शहाणी शहरं आपली प्राचीन वास्तू साधारण छत्तीस किलोमीटरवर ठेवतात. जवळ असली तर येता-जाता लोक तिला पाठ टेकून उभे राहतात आणि फार लांब असली तर मुद्दाम रजा काढून बघायला जातात. छत्तीस किलोमीटर हे अंतर असं नेमकं आहे, की माणूस आयुष्यभर "एकदा जायला हवं" म्हणत राहतो आणि वास्तू सुरक्षित राहते.

या गोष्टीतली वास्तू म्हणजे एक दगडी कमान. वय वर्षं एकोणीसशे. ती कोणी बांधली आणि कशासाठी, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण ती आहे, याबद्दल एकमत आहे आणि ते एकमत टिकवून धरण्यासाठी शहरात एक स्वतंत्र कार्यालय आहे. वास्तू अस्तित्व कार्यालय. तीन मजले, एक्केचाळीस माणसं, एक लिफ्ट (बंद). या कार्यालयाकडून दर वर्षी एक दाखला निघतो. त्याचा मजकूर असा: "कमान, दगडी, प्राचीन, नग एक, जागेवर आहे." दाखल्याला आधार म्हणजे कमानीवरचा पहारेकरी. कमान नाही असं त्याने वर्षभरात कळवलं नसेल, तर ती आहे असं समजण्यात येतं. ही पद्धत इतकी निर्दोष आहे, की तिच्यात आजवर एकदाही चूक सापडलेली नाही, कारण ती शोधायला कोणी गेलेलं नाही.

हा दाखला गेली एकोणतीस वर्षं एकाच माणसाच्या अक्षरात निघत होता. ते म्हणजे अस्तित्व शाखेचे हेडक्लार्क. अक्षर असं, की वरिष्ठ मजकूर न वाचता सही करत. स्वभाव सरळ, बोलणं बेताचं, पेनाला टोपण लावल्याशिवाय चहाचा कप उचलायचे नाहीत. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही खोटं अक्षर लिहिलं नव्हतं आणि कमानही पाहिली नव्हती. यात कोणाला विसंगती दिसली, तर त्याने कार्यालयात काम केलेलं नाही, एवढाच अर्थ होतो. नियमाप्रमाणे दाखला देणाऱ्याने जागेवर जायचं नसतं. गेल्यास त्याचं मत बनतं आणि मत बनलेला माणूस निःपक्षपाती राहत नाही. जागेवर जायला वेगळी पाहणी शाखा आहे. तिला गाडी आहे, ड्रायव्हर नाही. (ड्रायव्हर आवक-जावक शाखेत आहे. तिथे गाडी नाही.) एक्केचाळीसपैकी अडतीस जणांनी कमान पाहिलेली नाही, दोघांनी शाळेच्या सहलीत पाहिली होती आणि एकाला त्या सहलीत बसमध्ये झोप लागली होती. पुढे त्यालाच पाहणी शाखेचा प्रमुख करण्यात आलं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मोजणी खात्याने कुठल्याशा कालव्यासाठी विमानातून जमिनीचे फोटो काढले आणि कार्यालयाला एक पत्र पाठवलं. "आपल्या ताब्यातील कमान नग दोन दिसून येते. खुलासा व्हावा."

कार्यालयात हाहाकार उडाला असता, पण आधी पत्र आवकमध्ये नोंदवायला हवं होतं. त्यात नऊ दिवस गेले आणि तोवर हाहाकाराचा जोर ओसरला. तरी प्रसंग बाका होता. कमान हरवली असती तर काळजी नव्हती. हरवलेल्या वास्तूंसाठी कलम चौदा आहे, तीन प्रतींतला नमुना आहे, शोकसंदेशाचा मसुदासुद्धा तयार आहे. पण वास्तू वाढली तर काय करायचं, याची तरतूद कुठेच नव्हती. एकोणीसशे वर्षं जुनी वस्तू मागच्या वर्षी एक होती आणि यंदा दोन झाली, हे कोणाला तोंड वर करून सांगणार?

शेवटी हेडक्लार्कनी जुन्या नस्त्या काढल्या आणि शिंका देत देत त्यातून सत्य शोधलं. चोवीस वर्षांपूर्वी कमान दुरुस्तीसाठी अकरा महिने बंद होती. तेवढ्यात पर्यटकांचा हिरमोड होऊ नये म्हणून शेजारी चाळीस पावलांवर तिची नक्कल उभारण्यात आली. निविदेत अट होती: "प्रत्येक भेग मूळ भेगेबरहुकूम असावी." ठेकेदाराने ती अट पाळली. (कार्यालयाच्या इतिहासात अटीप्रमाणे झालेलं हे एकमेव काम आणि त्यातूनच सगळा घोटाळा झाला.) दुरुस्ती झाल्यावर नक्कल काढून टाकण्याचा आदेश निघाला होता. त्या आदेशाचं अक्षर सुंदर होतं. हेडक्लार्कनी ते ओळखलं, कारण ते त्यांचंच होतं. आदेश निघाला म्हणजे काम झालं, अशा समजुतीने त्यांनी पुढची चोवीस वर्षं "नग एक" लिहिलं होतं.

आता चूक दुरुस्त करणं भाग होतं. दाखल्यात "नग दोन" करायचं, तर मागचे चोवीस दाखले खोटे ठरत होते. त्यापेक्षा कमानी एक करणं सोपं होतं. आदेश तयार झाला: "ज्या कमानीवर 'नक्कल' अशी पाटी आहे, ती पाडण्यात यावी." यंत्रं मंगळवारी जायची होती. सोमवारी हेडक्लार्कनी सही करायची होती. तोच त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. निष्कलंक निवृत्तीच्या आड एवढी एक कमान येत होती.

हेडक्लार्कच्या घरात, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात, एक काळा-पांढरा फोटो होता. त्यात त्यांची सासू होती, लग्नाआधीची, कॉलेजच्या सहलीतली. कमानीखाली उभी राहून तिने डावीकडच्या दगडावर हात ठेवला होता. फोटोत दगड स्वच्छ दिसत होता, हात दिसत होता, स्वेटर दिसत होता. चेहरा मात्र पार काळा आला होता. ऊन पाठीमागून येत असलं की असं होतं. हेडक्लार्कची बायको लहानपणापासून तो फोटो बघत आली होती आणि त्या काळ्या चेहऱ्यावर आई हसते आहे की नाही, हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

आईने एक गोष्ट मात्र सांगून ठेवली होती. त्या दिवशी स्वेटरचं एक बटण तुटलं. खिसा नव्हता. म्हणून तिने ते कमानीच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या भेगेत सरकवलं, निघताना घेऊ म्हणून. आणि विसरली. स्वेटर अजून कपाटात होता. पाच बटणं हिरवी, एक तपकिरी. बायकोने तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं होतं आणि ते सहावं बटण तिच्या डोळ्यांत कायम खुपत आलं होतं.

"त्यातली एक कमान पाडणार म्हणता?" आदेशाची बातमी कळल्यावर तिने विचारलं.

"जादा झालेली."

"म्हणजे शनिवारीच जायला हवं."

"कशाला?"

"बटण आणायला."

"अगं, नक्कल पाडताहेत. अस्सल तिथेच राहणार आहे. बटण कुठे पळून जातंय?"

"तुम्ही बघितलीय का?"

हेडक्लार्कनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"एकोणतीस वर्षं लिहिताय, कमान आहे, कमान आहे," ती म्हणाली. "एकदा दाखवा तरी."

आपल्याच कार्यालयाच्या ताब्यातली वास्तू आपण खासगी माणूस म्हणून बघणं, ही नाजूक बाब आहे. त्यासाठी नुसती रजा पुरत नाही, हमीपत्र लागतं. हेडक्लार्कनी ते स्वतःच तयार केलं, स्वतःच तपासलं आणि एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला म्हणून स्वतःलाच परत पाठवलं. अंतिम मसुद्यात लिहून दिलं होतं, की अर्जदार कमानीकडे केवळ खासगी नजरेने पाहील. जे दिसेल ते अधिकृतपणे दिसलं असं समजणार नाही. आणि अशा रीतीने झालेलं ज्ञान कार्यालयाच्या वेळेत वापरणार नाही. साहेबांनी शेरा मारला: "पत्नीस नजरेची अट लागू नाही."

खासगी सहल घडवणारी एक कंपनी होती. खासगी म्हणजे गाडीत आपल्याशिवाय कोणी नसतं. ज्या इतर दोनशे गाड्या त्याच वेळी त्याच ठिकाणी पोहोचतात, त्यांतही त्यांच्याशिवाय कोणी नसतं. सहल आठ तासांची होती आणि छापील वेळापत्रकात प्रत्येक मिनिटाचा हिशेब होता. मातीच्या भांड्यांचं दुकान, पन्नास मिनिटं. प्रसाधनगृह आणि त्याला लागून असलेलं सतरंज्यांचं दुकान, सव्वा तास. निसर्गरम्य ठिकाण, जिथून कमान दिसत नाही पण कमानीचं वाहनतळ दिसतं, अर्धा तास. जेवण. प्रत्यक्ष कमान, बावीस मिनिटं. (त्यात बूट झटकण्याचा वेळ धरलेला आहे.)

ड्रायव्हर हाच गाईडही होता. तो रस्त्यावरची नजर न काढता माहिती सांगायचा, त्यामुळे कमानीची लांबी, रुंदी आणि इतिहास समोरच्या ट्रककडे बघून सांगितला गेला. शहराबाहेर पडेपर्यंत कमान विजयाची होती, टेकडीजवळ ती पाणीपुरवठ्याची झाली.

"बांधली कोणी पण?" बायकोने विचारलं.

"ते दुपारच्या सहलीत सांगतात ताई. सकाळच्या सहलीत फक्त 'का' येतं."

भांड्यांच्या दुकानात हेडक्लार्कनी हात पाठीमागे बांधून सगळी भांडी पाहिली. सतरंज्यांच्या दुकानात बायको पायरीवर बसून राहिली. तिच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, केसांत लावायची एक लांब पिन आणि तो स्वेटर होता. निसर्गरम्य ठिकाणी तिने वाहनतळाकडे इतकं टक लावून पाहिलं, की ड्रायव्हर-गाईडला बरं वाटलं. तिथे सहसा लोक गाडीतून उतरत नाहीत.

कमानीपाशी पोहोचल्यावर हेडक्लार्कनी मान वर केली. ज्याच्याबद्दल एकोणतीस वर्षं लिहिलं, ते खरोखरच होतं. एवढं मोठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण दाखल्यात त्याला एकच ओळ होती. आणि ते खरोखरच दोन होतं. चाळीस पावलांच्या अंतराने दोन कमानी, दगडाला दगड आणि भेगेला भेग तंतोतंत सारखी. फरक फक्त दिशेचा. एकीचं तोंड उत्तरेला होतं, दुसरीचं दक्षिणेला, कारण ठेकेदाराने नकाशा उलटा धरला होता. दक्षिणेकडच्या कमानीवर "अस्सल" अशी पाटी होती. तिच्यासमोर लांबलचक रांग होती आणि लोक आळीपाळीने दगडावर हात ठेवून फोटो काढून घेत होते. उत्तरेकडच्या कमानीवर "नक्कल" अशी पाटी होती. तिच्याखाली पहारेकऱ्याची सायकल, एक स्टूल, एक बादली आणि वाळत घातलेला शर्ट होता.

बायको रांगेत उभी राहिली नाही. ती सरळ "अस्सल" कमानीच्या मागे गेली, डाव्या पायाशी उकिडवी बसली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या भेगेत तिने बोट घातलं. भेग होती. बोट एक पेर आत गेलं आणि सिमेंटला टेकलं. तिने पिनेने खरवडून पाहिलं. सिमेंट चांगल्या प्रतीचं होतं.

ती उठली, साडीला हात पुसले आणि चाळीस पावलं चालत "नक्कल" कमानीपाशी गेली. हेडक्लार्क मागोमाग. तिने बादली बाजूला केली आणि मागच्या भेगेत बोट घातलं. बोट गेलं, मग अख्खा पंजा मनगटापर्यंत गेला. मग तिने पिन घातली, डोळे मिटले आणि सुईत दोरा ओवताना जसं तोंड करायची तसं केलं. थोडी माती आली. एक मेलेली गोम आली. मग बटण आलं.

तिने ते पदराला पुसलं. हिरवं होतं. स्वेटरवरच्या पाचांच्या शेजारी धरून तिने ते बघितलं.

"ही खरी," मग ती म्हणाली.

हेडक्लार्कना भरून आलं. खासगी माणूस म्हणून त्यांना भरून आलं. पण त्याच वेळी, काहीही न पाहिलेले हेडक्लार्क म्हणून, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. परवा, सोमवारी, ते हीच पाडायच्या आदेशावर सही करणार होते.

पहारेकरी शर्ट वाळला का बघायला आला. सत्तावीस वर्षं तो इथेच होता.

"या पाट्या कोणी लावल्या?" हेडक्लार्कनी विचारलं.

"मीच की."

"उलट्या लागल्यात."

"उलट्या नाहीत हो, सोयीच्या आहेत," पहारेकरी म्हणाला. "आधी अस्सलची पाटी हिच्यावरच होती. पण हिचं तोंड उत्तरेला. ऊन कायम पाठीमागून. फोटोत माणसं काळी येतात. लोक तक्रारवहीत लिहायचे, फोटो चांगला येत नाही, काहीतरी करा. आता कमान फिरवायची का मी? अठरा वर्षं झाली, पाटी फिरवली. तेव्हापासून एक तक्रार नाही."

"आणि वर कळवलं नाही?"

"वर काय कळवायचं? कमान होती तिथेच आहे. 'नाही' असं असेल तरच कळवायचं, असं तुमचंच पत्र आहे."

त्या पत्राचं अक्षरही सुंदर होतं.

"मग बदला पाट्या," बायको म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

हेडक्लार्कनी तिला परिस्थिती समजावून सांगितली. पाटी बदलण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला असतो आणि तोही त्रिसदस्यीय समितीच्या शिफारशीवरून. समितीतला एक सदस्य वारला आहे आणि उरलेल्या दोघांचं आपसांत बोलणं नाही. तेव्हा हेडक्लार्क म्हणून ते पाटीला हात लावू शकत नाहीत. खासगी माणूस म्हणून लावला, तर ती संरक्षित वास्तूची नासधूस होते आणि त्यासाठी शिक्षा आहे. थोडक्यात, त्या जागी उभ्या असलेल्या हेडक्लार्कचा एकही हात मोकळा नव्हता.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही स्टूल धरा," ती म्हणाली.

स्टूल धरण्याबाबत नियमांत काहीच म्हटलेलं नाही. हेडक्लार्कनी ते मनातल्या मनात दोनदा तपासलं आणि मग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पाट्या दोन-दोन हुकांवर होत्या. पहारेकऱ्याने आपण दुसरीकडे बघत असल्याची काळजी घेतली आणि दुसरीकडे बघता बघता हूक कसे काढायचे तेही सांगितलं. पाच मिनिटांत "अस्सल" उत्तरेला गेली आणि "नक्कल" दक्षिणेला आली. रांगेतल्या लोकांनी मान वर करून पाटी वाचली, "अरेच्चा" म्हणाले आणि चाळीस पावलं चालत जाऊन पलीकडे पुन्हा रांग लावली. पाच-सहा गाईड माहिती सांगत होते. त्यांनी वाक्य न तोडता तोंडं फिरवली. ज्यांचे फोटो आधीच काढून झाले होते, त्यांनी ते पुसून टाकले आणि नवे काढायला लागले. एकोणीसशे वर्षांचा इतिहास चाळीस पावलं सरकला आणि कोणाच्या हातातली बाटलीसुद्धा हिंदकळली नाही.

"माझा एक काढा," बायको म्हणाली. तिने स्वेटर अंगात घातला, आईसारखाच डाव्या दगडावर हात ठेवला आणि हेडक्लार्कनी फोटो काढला. दगड स्वच्छ आला, हात स्वच्छ आला. चेहरा पार काळा आला. तिने तो पाहिला आणि ती हसली. हसली हे हेडक्लार्कना दिसलं, फोटोत दिसत नव्हतं.

"फोटो नीट येत नाही हो इकडे," रांगेतून कोणीतरी म्हणालं. खांबाला दोरीने बांधलेली तक्रारवही होती, तिच्याकडे दोघे-तिघे गेले. पण बावीस मिनिटं संपली होती आणि ड्रायव्हर-गाईड हॉर्न वाजवत होता.

परतीच्या वाटेवर हेडक्लार्क इतके हलके झाले होते, की सतरंज्यांच्या दुकानात त्यांनी एक सतरंजी हात लावून पाहिली. आता सोमवारी जी सही होणार होती, ती अक्षरशः खरी होणार होती. पाटी नक्कलवर होती, आदेश पाटीवर होता आणि ते स्वतः कुठेच नव्हते. रात्री बायकोने तपकिरी बटण काढून हिरवं शिवलं.

सोमवारी नस्ती टेबलावर आली. "ज्या कमानीवर 'नक्कल' अशी पाटी आहे, ती पाडण्यात यावी." हेडक्लार्कनी टोपण काढलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांना एकदम तक्रारवही आठवली. कार्यालयाचं सगळं काम सावकाश चालतं, पण पर्यटकांच्या तक्रारीची दखल चोवीस तासांत घ्यावी, असा एक नियम आहे. त्याबद्दल कार्यालयाला ढालही मिळालेली आहे. मधे एक रविवार गेला होता.

समासात जागा होती. "उत्तरेकडे तोंड असलेली ठेवावी" एवढंच लिहिलं असतं तर पाटी कुठेही गेली तरी चाललं असतं. चार शब्द. पण कमानीचं तोंड उत्तरेकडे आहे हे हेडक्लार्कना माहीत कसं? जागेवर गेल्याशिवाय कळणार नाही. आणि जागेवर ते गेलेले नव्हते, एक खासगी माणूस गेला होता, आणि त्याने हमीपत्र लिहून दिलं होतं. पहारेकऱ्याला फोन करावा, तरी तोच प्रश्न. त्यांना भीती वाटली. कमानीची वाटली, बायकोची वाटली, पण सगळ्यांत जास्त वाटली ती एकोणतीस दाखल्यांची. त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं होतं.

संध्याकाळी निरोप समारंभात त्यांना कमानीचा रंगीत फोटो भेट देण्यात आला, फ्रेमसह. लख्ख ऊन पडलेलं होतं.

दहा दिवसांनी वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली. अतिरिक्त कमान पाडण्याचं काम यशस्वीरीत्या पूर्ण. एका दिवसाच्या कामाला सहा दिवस लागले, दोन यंत्रं मोडली. चोवीस वर्षांपूर्वीच्या नकलेचं बांधकाम इतकं मजबूत निघेल, अशी कोणाला कल्पना नव्हती. नक्कल बांधणाऱ्या ठेकेदाराला उत्कृष्ट दर्जाबद्दल प्रशस्तिपत्र देण्यात येत असून तरुण अभियंत्यांनी त्याचा आदर्श घ्यावा, असं साहेब म्हणाले होते.

हेडक्लार्कनी बातमी दोनदा वाचली आणि पेपराची घडी घातली. बायको दारात उभी होती.

"कुठली पाडली?"

"पाटी होती ती."

 आत जाऊन तिने कपाट उघडलं. उन्हाळ्याचे दिवस होते तरी तिने स्वेटर घातला, सहाच्या सहा बटणं लावली आणि पंख्याखाली येऊन बसली.

"मी चार शब्द लिहायला हवे होते," हेडक्लार्क म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

तेव्हापासून कार्यालयाचं काम निर्वेध चाललं आहे. दाखला नव्या कारकुनाच्या अक्षरात निघतो आणि चोवीस वर्षांनी प्रथमच तो संख्येपुरता तरी खरा आहे. कमान, दगडी, प्राचीन, नग एक. जी उरली ती प्राचीन, हे तर्काला धरूनच आहे. पर्यटकांची संख्या दुप्पट झाली असून समाधानाचं प्रमाण शंभर टक्के आहे. त्या रविवारची तक्रारवही मात्र कार्यालयाने कायमस्वरूपी जतन केली आहे. तिच्यात एका दिवसात एकशे बारा नोंदी आहेत. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: फोटोत चेहरा काळा येतो, पाटी होती तिथे लावावी.

आता तुम्हीही कधीतरी त्या कमानीला गेलाच असाल. सगळेच जातात, एकदा. दगडावर हात ठेवून काढलेला तुमचा फोटो घरात कुठेतरी असेल, फ्रिजवर नाहीतर फोनमध्ये. काढा बघू. चेहरा कसा आलाय? स्वच्छ आलाय ना, नाक-डोळे सगळे दिसताहेत?

मग तुमची तक्रार नसणारच.